हाताने पाडलेला पावसाळा

मोठ्या फुलांचा बिगोनिया पहिल्यांदा पाहणारा माणूस फुलाबद्दलच बोलतो. वीतभर रुंद फूल, पाकळीवर पाकळी, कडेला कधी चुण्या तर कधी दुसऱ्या रंगाची बारीक रेघ, आणि निळा सोडला तर बहुतेक सगळे रंग. मलाही ही फुलं मनापासून आवडतात. त्यांच्यासाठीच तर वर्षभराचा खटाटोप. पण माझी या झाडाशी नीट ओळख झाली ती त्याच्या वर्षाच्या हिशेबामुळे. ते कधी जागं होतं, कधी भरभरून पितं, कधी पाणी नको म्हणतं आणि कधी झोपी जातं, हे एकदा उमगलं की माती कुठली, खत कुठलं, कुंडी केवढी हे प्रश्न आपोआप लहान होतात. आणि हा हिशेब मला इथल्या जन्मभर बागकाम केलेल्या शेजाऱ्यांपेक्षा थोडा लवकर उमगला असेल, तर त्याचं श्रेय मी वाई-महाबळेश्वरच्या पावसाला देते.

मी राहते कॅलिफोर्नियात, सांताक्रूझजवळ, माँटेरेच्या उपसागराच्या काठी. उन्हाळ्यात इथे समुद्रातलं खोलवरचं थंड पाणी किनाऱ्यालगत वर येतं. त्यावरून वाहणारी दमट हवा गारठते आणि तिचं धुकं होतं. जून-जुलैत हे धुकं संध्याकाळी जमिनीवर चढतं आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच उशिरा विरतं. डोंगरापलीकडे सॅन होजेत लोक उकाड्याने हैराण असतात तेव्हा आमच्याकडे रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर आलेला असतो आणि अंगात स्वेटर असतो. कंदाच्या बिगोनियाला हीच रात्र हवी. दिवस थोडा तापला तरी तो सोसतो. रात्र उबदार राहिली की मात्र कळ्या भरायच्या आत गळतात आणि झाड नुसतं पाल्यावर येतं. एक काळ असा होता की अमेरिकेतले बिगोनियाचे कंद मोठ्या प्रमाणावर याच किनाऱ्यावर पिकत. ती निवड कुणी हौसेने केलेली नव्हती, धुक्याने केलेली होती.

पण या हवेत एक मोठी उणीव आहे. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. नोव्हेंबर ते मार्च ओहोळ वाहतात, आणि मे ते सप्टेंबर आभाळातून थेंब पडत नाही म्हटलं तरी चालेल. बिगोनियाला याच्या बरोबर उलट हवं असतं.

या झाडाचे पूर्वज अँडीज पर्वतातले, बोलिव्हिया आणि पेरूकडचे. १८६०च्या दशकात इंग्लंडमधल्या व्हीच या नामांकित रोपवाटिकेने रिचर्ड पिअर्स या संग्राहकाला तिकडे पाठवलं. त्याने धाडलेल्या झाडांत लांब, लटकत्या, शेंदरी फुलांचा बिगोनिया बोलिव्हिएन्सिस होता, आणि पुढे ज्याला त्याचंच नाव मिळालं तो पिवळ्या फुलांचा बिगोनिया पिअर्सी होता. आज आपण जे पिवळे, केशरी, जर्दाळू रंग पाहतो, त्यांतल्या पिवळ्याचं मूळ या पिअर्सीत आहे. व्हीचकडच्याच जॉन सीडनने केलेला कंदाच्या बिगोनियाचा पहिला संकर १८७० साली बाजारात आला. पिअर्स त्याआधीच, १८६८ साली, पनामात तापाने गेला होता. माझ्या परसात पिवळं फूल उमललं की मला या माणसाची आठवण येते. ज्याच्या पायपिटीवर हे सगळं उभं आहे त्याने यातलं काहीच पाहिलं नाही.

अँडीजच्या त्या उतारांवर पाऊस नोव्हेंबर ते मार्च पडतो, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात. मे ते सप्टेंबर कोरडी थंडी. बिगोनिया पावसाबरोबर उगवतो, पावसात फुलतो, आणि पाऊस सरला की वरचं सगळं टाकून देऊन कंदात शिरतो.

माझी आई वाईहून इथे राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. परसातल्या एका कुंडीपाशी ती थांबली आणि तिने पान हातात धरलं. बिगोनियाचं पान कधी सारखं नसतं; देठाच्या एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान, त्यामुळे ते सगळं एकीकडे कलल्यासारखं दिसतं. आईने फुलाकडे पाहिलंच नाही. म्हणाली, “अगं, हे तर घाटातलं! महाबळेश्वरच्या वाटेला ओल्या कातळावर येतं ते. फूल मात्र एवढंसं असतं त्याचं, फिकट गुलाबी.”

ती म्हणत होती तो बिगोनिया क्रेनाटा. जगात बिगोनियाच्या २००० हून अधिक जाती आहेत, त्यांतल्या काही आपल्या सह्याद्रीच्या. मृगाचा पाऊस लागला की शेवाळलेल्या कातळाच्या भेगांतून, कधी झाडाच्या ओल्या बुंध्यावरही, हे नाजूक रोप वर येतं. श्रावण-भाद्रपदात फुलतं. पाऊस गेला, कातळ तापू लागला की जागेवर काही उरत नाही. इवलासा कंद तेवढा भेगेत राहतो, पुढच्या मृगापर्यंत. अँडीज आणि सह्याद्री यांच्यामध्ये निम्मी पृथ्वी आहे आणि या दोन झाडांचं नातंही फार लांबचं आहे. तरी दोघांचं वर्ष एकाच मापाचं: ओले महिने वाढायचे, कोरडे महिने निजायचे.

आईच्या त्या एका वाक्याने माझं काम मला स्वच्छ दिसलं. मला कुंडीत पावसाळा आणायचा आहे, तोही अशा मुलखात जिथे उन्हाळ्यात पाऊस नाही. आणि तितक्याच काळजीने तो पावसाळा मला संपवायचाही आहे, बाहेर आभाळ भरून यायच्या आत. बिगोनियाची निगा म्हणून जे काही सांगितलं जातं ते सगळं या दोन कामांत येतं.

सुरुवात फेब्रुवारीच्या अखेरीस होते. कंद तपकिरी, चपटा, एका अंगाने फुगीर आणि दुसऱ्या अंगाने खोलगट. खोलगट बाजू वर. तिथे बारीक गुलाबी डोळे दिसायला लागले की तो जागा झाला असं समजायचं. त्या खोलगटात पाणी साचून राहिलं की कंद कुजतो, म्हणून बरेच जण कंद मातीवर नुसता टेकवून ठेवतात. मी तसं करत नाही. बिगोनियाची मुळं कंदाच्या फक्त तळाकडून फुटत नाहीत. बाजूंनी, वरच्या कडेनेही फुटतात, आणि जितकी मुळं तितकं पुढे झाड दमदार. म्हणून कंद ओलसर कोकोपीटमध्ये बसवून वर पातळसा थर देते, ट्रे घरात १८ ते २० अंशांच्या उबेत ठेवते आणि कोंब वर येईपर्यंत पाणी कडेकडेने, ओल टिकण्यापुरतंच घालते. ते कोकोपीट बहुतेक वेळा भारतातून आलेलं असतं. कोकणात ज्या सोडणांवर चूल पेटते, त्यांचाच भुसा विटा होऊन इथवर येतो, याचं मला दरवेळी बरं वाटतं.

कोंब बोटभर झाले की निवड करावी लागते. कोवळ्या कंदाला एक खोड पुरतं, जुन्याला दोन किंवा तीन. बाकीचे कोंब कंदाचा बारीकसा तुकडा धरून काढायचे. ते वाळू-कोकोपीटमध्ये लावले तर मुळं धरतात आणि त्यांचा स्वतंत्र कंद होतो. डेलियासारखे बिगोनियाच्या कंदाला कंद लागत नाहीत. तो एकटाच राहतो आणि वर्षागणिक रुंद होत जातो. म्हणून चांगल्या जातीच्या झाडाची दुसरी प्रत हवी असेल तर या काढलेल्या कोंबांतूनच ती मिळते, आणि ही नामी जातीची झाडं महाग असतात ती याच कारणाने.

आता पाण्याचं. नव्याने बिगोनिया लावणाऱ्याला दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात: याला ओल लागते, आणि हा पाण्याने कुजतो. ऐकणारा गोंधळतो. पण पावसाळ्यातला घाटातला कातळ डोळ्यांसमोर आणला की यात काही कोडं राहत नाही. त्या कातळावरून चार महिने पाणी वाहत असतं, साचत कुठेच नाही. मुळांना मिळतं ते बोटभर शेवाळ, थोडा कुजलेला पाला आणि भरपूर हवा. तेव्हा कुंडीतही तेच हवं. इथे सदाहरित ओकची झाडं पुष्कळ; त्यांचा कुजलेला पाला हे इथल्या जुन्या बिगोनियावाल्यांचं आवडतं माध्यम होतं. मी निम्मं तेच घेते, निम्म्यात कोकोपीट आणि परलाइट. पाणी घातलं की ते झरझर खाली उतरलं पाहिजे. आणि घालायचं कधी, याचं उत्तर वरची माती पाहून मिळत नाही, कारण वर कोरडं आणि खाली चिंब असं नेहमी असतं. कुंडी उचलायची. सकाळी एक फेरी मारताना प्रत्येक कुंडी हाताने किंचित उचलली की जड कुठली, हलकी कुठली हे मनगटाला कळतं. हलकी झालेल्या कुंडीला पोटभर पाणी, जड असेल तिला अजिबात नाही. झारी पानांवर धरायची नाही. पानं रात्रभर ओली राहिली की भुरी पकडते, आणि भुरी बिगोनियावर किती वेगाने पसरते हे द्राक्षबाग पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कुंड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर आणि खेळता वारा हा तिच्यावरचा पहिला उपाय. गंधकाची पाळी त्यानंतर येते.

उन्हाबाबत झाड स्वतःच बोलतं. सावली जास्त झाली की पानं गडद होतात, खोड लांबतं, फुलं तुरळक येतात. ऊन जास्त झालं की पानं पिवळट पडून कडा करपतात. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर शेडनेटची सावली यावर माझं बरं चालतं. खताचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर फार बोललं जातं: मासळीचं पातळ खत निम्म्या ताकदीने, कळ्या धरल्यावर पालाश जरा जास्त, आणि ऑगस्टनंतर काही नाही.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. बिगोनियाला दर्शनी बाजू असते. खोड वाढायला लागलं की नीट पाहावं: पानांची टोकं सगळी साधारण एकाच दिशेला झुकलेली असतात. फुलं त्याच दिशेला तोंड करून उमलणार. म्हणजे मे महिन्यात, एकही कळी नसताना, जुलैतलं फूल कुठे पाहणार आहे हे सांगता येतं. आधाराची काठी त्याच्या पाठीमागे रोवायची आणि कुंडी अशी ठेवायची की पानांची टोकं ओसरीकडे येतील. बिगोनियाचं खोड रसाळ आणि ठिसूळ. नंतर वळवायला गेलं तर काडकन मोडतं. म्हणून हे आधीच करावं लागतं. मला या कामात फार समाधान मिळतं. झाड जे ठरवून बसलं आहे ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे आपण सरकायचं, एवढंच त्यात आहे.

कळ्या तिघी येतात. मधली मोठी, दोन्ही बाजूंना दोन लहान. मधली नर, बाजूच्या बहुधा मादी. एकाच झाडावर, एकाच देठावर. मादी कळी ओळखायला सोपी: तिच्यामागे तीन पंखांचा हिरवट बीजकोष आधीपासून असतो, आणि फूल उघडलं तरी पाकळ्या चार-पाचच. नर फूल मात्र उघडतच जातं, पाकळीमागून पाकळी, दहा-बारा दिवस. त्या पाकळ्या आल्या कुठून? ते एके काळचे पुंकेसर. निवडीनिवडीने माळ्यांनी पुंकेसरांच्या पाकळ्या करून घेतल्या. १८७०च्या दशकात फ्रान्समध्ये नान्सीच्या व्हिक्टर लमोआनने अशी दुहेरी फुलं काढली आणि तिथून पुढे फूल भरत गेलं. मोठं फूल हवं असणारा माणूस बाजूच्या दोन्ही मादी कळ्या लहान असतानाच खुडून टाकतो, म्हणजे सगळा जोर मधल्या कळीत जातो. पहिल्या कळ्या तर मधलीसकट खुडायच्या, झाड अंगाने भरेपर्यंत.

मी खुडते. पण खुडताना रानातला बिगोनिया आठवतो. तिथे नर फुलात पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो आणि मधमाशी परागासाठी त्यावर येते. मादी फुलाकडे तिला द्यायला काहीच नसतं, ना पराग ना मध. त्याचे स्त्रीकेसर मात्र पिवळे आणि पिळदार, पुंकेसरांसारखे दिसणारे. मधमाशी फसून त्यावर बसते आणि बीज धरतं. एवढी सूक्ष्म रचना लाखो वर्षांत घडली, आणि आपण तिच्यातला पराग काढून पाकळ्या भरल्या. परसात फुलं भरात असतात तेव्हा माशा शेजारच्या लॅव्हेंडरवर गर्दी करतात, बिगोनियावरून नुसत्या निघून जातात. मला ही फुलं सुंदर वाटतात आणि हा बदल माणसाने केला याची खंतही वाटत नाही. पण त्यांच्या सौंदर्याची किंमत कोणी दिली ते माहीत असावं असं वाटतं. म्हणून दोन-तीन झाडांना मी मुद्दाम लहान कुंडीत, कमी खतावर ठेवते. सप्टेंबर सरताना अशा झाडाची फुलं कमी भरतात आणि मध्यभागी चार-दोन खरे पुंकेसर दिसतात. कुंचल्याने तो पराग दुसऱ्या झाडाच्या न खुडलेल्या मादी फुलावर टेकवायचा. बीजकोष वाळून तपकिरी झाला की कागदावर झटकायचा. बी इतकं बारीक की ते धुळीतून वेगळं ओळखायला भिंग लागतं, आणि एका बीजकोषात ते शेकड्यांनी असतं. ते मातीने झाकायचं नाही, उजेड लागतो. जानेवारीत पेरलं तर त्याच वर्षाच्या उन्हाळ्याअखेर पहिलं फूल येतं, आणि ते कुठल्या रंगाचं असेल ते कुणालाच माहीत नसतं.

या किनाऱ्यावर हे काम एके काळी मोठ्या माणसांनी केलेलं आहे. मूळचा बोहेमियाचा फ्रँक रायनेल्ट इथे कॅपिटोलात स्थायिक झाला. डेल्फिनियम आणि प्रिम्युलाच्या त्याच्या ‘पॅसिफिक’ जाती जगभर गेल्या, आणि बिगोनियावरही त्याने तितक्याच चिकाटीने काम केलं. इंग्लंडमध्ये बाथजवळ ब्लॅकमोर आणि लँग्डन यांनी १९०१ साली सुरू केलेली रोपवाटिका आजही नामी जाती देते. इथली शेतं मात्र गेली. त्या शेतांची एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. शेतकरी पिकवायचा तो कंद. विकला जायचा तो कंद. फूल हे त्यातलं टाकाऊ. एकरच्या एकर रंगांनी भरून जायचं आणि त्या फुलांना बाजार नव्हता. मग १९५०च्या दशकात कॅपिटोलाच्या लोकांनी ती फुलं मागून घेतली, तराफ्यांवर लाकडाचे सांगाडे उभारून ते फुलांनी मढवले आणि सोकेल खाडीतून समुद्राच्या तोंडापर्यंत त्यांची मिरवणूक काढली. दरवर्षी सप्टेंबरच्या तोंडावर हा उत्सव व्हायचा. कंद पिकवणाऱ्यांनी बिगोनियाचं पीक थांबवलं, फुलं मिळेनाशी झाली, आणि २०१७ साली शेवटची मिरवणूक निघाली. ब्रसेल्सच्या चौकात १९७१पासून बिगोनियाच्या फुलांचा जो प्रचंड गालिचा घालत आले, त्याच्याही मागे गेंटच्या परिसरातली कंदांची शेतीच होती. लोक ज्याला उत्सव म्हणून ओळखतात तो शेतीच्या आधारावर उभा असतो. शेत हललं की तो टिकत नाही. इथली मिरवणूक थांबल्यापासून आमच्या भागातले उरलेसुरले हौशी लोक एकमेकांना कोंब देतात, बी देतात. मीही देते. जात टिकवायची तर ती एकापेक्षा जास्त अंगणांत असायला हवी.

ऑक्टोबर हा माझ्या मते बिगोनियाचा सर्वांत महत्त्वाचा महिना आहे, आणि पुस्तकांत त्याला सर्वांत कमी जागा मिळते. दिवस बारा तासांच्या खाली येतो. हे झाड दिवसाची लांबी मोजतं: दिवस मोठा असेपर्यंत पानं आणि फुलं, दिवस आखूड झाला की सगळं कंदाकडे. वर अजून फुलं असतात, कळ्याही असतात, हवा इथे ऑक्टोबरात उलट अधिक उबदार असते. माळ्याला वाटतं, अजून महिनाभर चालेल. पण कंद आत भरायला लागलेला असतो आणि त्याला आता कोरडेपणा हवा असतो. इथेच आपण पाडलेला पाऊस आपणच थांबवायचा. एकदम नाही, सह्याद्रीतही पाऊस एकदम जात नाही, उत्तरा, हस्त असा सरी देत देत ओसरतो. तसंच पाणी निम्मं करायचं, मग त्याच्या निम्मं, मग बंद. कुंड्या छपराखाली घ्यायच्या, कारण खरा पाऊस आता केव्हाही येईल आणि या झाडासाठी तो अवकाळीच.

पानं पिवळी पडतात. मग खोड. या वेळी हात मागे ठेवावा लागतो. खोड ओढून काढायचं नाही, कापायचंही नाही. बिगोनिया पेरापेरावर स्वतः सुटतो. आज वरचं पेर गळतं, चार दिवसांनी खालचं, आणि शेवटी कंदाजवळचा बुंधा एक दिवस बोट लावताच अलगद निघतो. त्याखाली स्वच्छ, कोरडा, वाटोळा व्रण दिसतो. तो व्रण दिसला की कंद वाचला. ओढून काढलेल्या खोडाचा तुकडा मागे राहतो आणि हिवाळ्यात कुजून कंदात उतरतो. मग कंद बाहेर काढून, मुळं आणि माती झाडून, सावलीत आठवडाभर सुकवायचे. भुंग्याच्या अळीने पोखरलेले आहेत का ते याच वेळी उलटून पाहायचं. नंतर कागदी पिशवीत कोरड्या भुशात, ५ ते १० अंशांच्या जागेत, फेब्रुवारीपर्यंत.

आईने हे पाहिलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. वाईकडे हळदीचं बेणं झाडाच्या सावलीत ढीग करून, पाल्याने झाकून ठेवतात. जमिनीखालचं पीक ज्याने घेतलं आहे त्याला निजलेल्या गोष्टीची राखण ठाऊक असते. इथल्या शेजाऱ्यांना मात्र हिरवी कुंडी कोरडी ठेवणं जिवावर येतं. नोव्हेंबरात कुणी ना कुणी मला काळजीने सांगून जातं की झाडं मरायला लागली आहेत.

पुण्या-साताऱ्याकडचं कुणी उन्हाळ्यात आलं आणि फुलं पाहिली की कंद मागतं. मी देत नाही. एक तर कंद सामानातून नेता येत नाहीत. त्याला आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम योग्यच आहे, कारण कंदाबरोबर रोग आणि किडे जातात. दुसरं कारण हवेचं. या फुलाला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: मोठा दिवस, गार रात्र आणि फुलावर पाऊस नसणं. महाराष्ट्रात या तिन्ही एकत्र कधीच येत नाहीत. दिवस मोठा असतो तेव्हा रात्री उबदार असतात, नाहीतर आषाढाच्या सरी कोसळत असतात. डिसेंबरात रात्र हवी तशी गार, आभाळ कोरडं. पण दिवस अकरा तासांचा, आणि झाड त्याचा अर्थ निजायची वेळ झाली असा घेतं. अशांनी श्रावणात घाटात जावं आणि कातळावरचा बिगोनिया गुडघ्यावर बसून पाहावा, न उपटता. कुंडीत तो टिकत नाही आणि भेगेतली त्याची जागा पुन्हा भरत नाही.

पाचगणीला असलेल्या माझ्या भाच्याने मात्र ऐकलं नाही. त्याने कंद देशातल्याच एका डोंगराळ भागातल्या रोपवाटिकेतून मागवले, ऑक्टोबरात लावले आणि बंद पडवीत वर दिवा टांगून रात्री दहापर्यंत दिवस लांबवला. तर्क बिनचूक होता: गार रात्र आणि कोरडी हवा पाचगणीची, मोठा दिवस विजेचा. जानेवारीत फुलं आली. माझ्या फुलांच्या निम्मी, पण रंग गडद आणि देठ ताठ. परवा त्याचा फोन होता. “मावशी, दिवा बंद कधी करू? मार्चपर्यंत ठेवला तर अजून कळ्या आहेत.”

मार्चपर्यंत ठेवू नकोस, मी म्हटलं. मार्च संपताना तुझ्याकडे दिवस बारा तासांच्या वर गेलेला असेल, शिवाय उकाडा सुरू होईल, आणि कंदाला भरायला आखूड दिवस मिळणारच नाहीत. दिवा आत्ताच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढ. कळ्या जातील, जाऊ देत. पाणी लगेच तोडू नकोस, पानं पिवळी व्हायला लागली की कमी करत जा. मग प्रश्न राहिला तो उन्हाळा आणि पावसाळा कंद सांभाळायचे कुठे. मी फ्रिजचा खालचा कप्पा सांगितला, फळांपासून दूर, कागदी पिशवीत. आई शेजारीच बसली होती. तिने फोन हातात घेऊन कोरड्या वाळूचं मडकं आणि घरातला थंड कोपरा सांगितला. निम्मे कंद फ्रिजमध्ये, निम्मे आजीच्या वाळूत, असं ठरलं आहे.